हमीदभाईंचे वर्ग

आमचे मुख्याध्यापक वारले, त्याच्या चौथ्या दिवशी त्यांचा फोटो फ्रेम करायला मी गुलमंडीत हमीदभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी माप विचारलं नाही, काच कसली हवी तेही नाही. विचारलं ते एवढंच, "किती वर्षांचे होते साहेब?"

"एकोणसाठ."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला रागच आला. "एकोणसाठ! वा बाई, नशीब काढलं!" म्हणत त्यांनी एक जाडजूड वही उघडली. "बघा, एकोणसाठात कोण कोण हाय. एक पैलवान, एक ठुमरी गाणारी, एक विमान उडवणारा, एक हकीम. अन् आता मास्तर. मैफल जमली की!"

मी दुखवट्याचं तोंड घेऊन गेले होते. पायऱ्या उतरताना हसू आवरेना. आमचे साहेब जन्मात कधी ठुमरी ऐकायला गेले नव्हते.

हमीदभाईंचा धंदा वडिलांपासूनचा. फ्रेमला येणारा माणूस बहुधा गेलेलाच असायचा, त्यामुळे वय विचारायची सवय लागली. मग वर्तमानपत्रातली मोठी माणसंही वहीत येऊ लागली. एकेका वयाला एकेक पान. त्यांचं ठाम मत होतं, की वर माणसांना वयाप्रमाणे बसवतात. "शाळेत वर्ग असतात ना, तसंच. तिथं जात नाय, हुद्दा नाय. ज्या वयात गेला त्या वर्गात बसा. वजीर असला तरी हमालाच्या मांडीला मांडी लावून!"

"मौलवीसाहेबांना विचारलंत का?"

"त्यांना कशाला तकलीफ?"

ते स्वतः तेव्हा अठ्ठावन्नचे होते. "अठ्ठेचाळीसला निजामावर पोलीस ॲक्शन झाली तवा मी बारा वर्षांचा. हिसाब करा." आणि नेमकं त्याच पानावर त्यांचं मन बसत नव्हतं. "अकरा वकील हायत, अन् दोन ऑडिटर! बाई, अठ्ठावन्नात नाय जायचं आपल्याला. तिथं नुसती तारीखच पडत राहील."

आणि एकोणसाठावा वाढदिवस वीस दिवसांवर असताना हमीदभाईंना हार्ट ॲटॅक आला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांची बायको, नूरभाभी, वॉर्डच्या दाराशी भिंतीला टेकून उभी होती. आत हमीदभाईंनी तरुण डॉक्टरांच्या कोटाची बाही घट्ट धरली होती. "डॉक्टरसाब, वीस दिवस खेचा. मग तुमची मर्जी."

डॉक्टरांना वाटलं, मुलीचं लग्न असेल. मी त्यांना बाजूला नेऊन वहीचं आणि वकिलांचं सगळं सांगितलं. ते गंभीरपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझे वडील वकील होते. अठ्ठावन्नाव्या वर्षीच गेले."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. तेवढ्यात डॉक्टरच खो खो हसत सुटले. "अहो, वडिलांशेजारी मला पाच मिनिटं बसवायचं नाही. यांना वाचवलंच पाहिजे!"

पहिला आठवडा फार वाईट गेला. दोनदा भाभीला आत बोलावून घेतलं, दोनदा ती चेहरा पुसून बाहेर आली. पण विसावा दिवस उजाडला. भाभीनं स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा आणला, सगळ्या खाटांवर वाटला. हमीदभाईंना एकच चमचा मिळाला. तो चाटून ते छताकडे बघत ओरडले, "आता कवा बी बुलावा!" वॉर्ड हसला, नर्सही हसली.

डब्याला झाकण लावता लावता भाभी हळूच म्हणाली, "अन् मी? मी बावन्नची हाय. मी गेले तर कोणत्या वर्गात?"

हमीदभाई बोटांवर हिशेब करू लागले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मात्र स्वारी खुशीत होती. "बाई, जमलं! नूर सात वर्षांनी लहान हाय. तर माझ्या मागनं सात वर्षांनी यायचं. वर्ग एकच! मी पुढं जाऊन जागा धरतो, एसटीत रुमाल टाकतात तशी."

"आधी उठून बसा तर," भाभी म्हणाली.

ते उठून बसले, दुकानात गेले आणि आणखी सात वर्षं जगले. सहासष्टचे असताना एका दुपारी काच पुसता पुसता गेले. दुकान भाभीनं चालवलं. ती सहासष्टची झाली, तशी माझी झोप उडाली. त्या वर्षात मी घरातलं दिसेल ते फ्रेम करून घेतलं. माझ्या बीएडच्या सर्टिफिकेटला दोनदा फ्रेम झाली, पण भाभी जागेवर आहे ना, हे बघायला दर आठवड्याला जायचेच.

ती सदुसष्टची झाली त्या सकाळी मी पेढे घेऊन गेले. ती खाली बसून फ्रेमची पट्टी कापत होती. मी भीतभीत म्हटलं, "भाभी, हमीदभाई तिकडं वाट बघत असतील."

"बघू दे की," ती म्हणाली. "निकाहपासनं दुकान बंद करून हे कवा येतील म्हणून मी रोज जेवण झाकून बसायची. आता बसू दे त्यांना."

आणि तिला हसू असं फुटलं, की हातातली करवत खाली ठेवावी लागली.