बैलाचा घोट

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या मामांना सगळे सांधेमामा म्हणतात. नवीन भाडेकरीण एवढं नाव ऐकून आपला सुजलेला गुडघा घेऊन त्यांच्या दारात गेली होती. मामांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "बाई, मी सिनेमाच्या फिल्मचे सांधे जोडतो. हवं तर गुडघ्यालाही चिकटपट्टी लावून देईन, पण मग वाकायचं नाही."

कोपऱ्यावरच्या थिएटरात आता सगळं नव्या यंत्रांवर चालतं. मामांच्या वाट्याला उरलीय फक्त रविवारची सकाळ. मुलांच्या खेळाआधी ते जुना प्रोजेक्टर काढतात आणि त्यावर एक जुनं कार्टून लावतात. त्यात एक बैल आणि बैलाशी झुंजणारा एक गडी. गडी बारीक मिशीचा, चकचकीत जाकिटात कोंबलेला. बैल कपाटाएवढा. बैल पेन्सिलीला काढावं तसं शिंगांना टोक काढतो, नाकातून वाफ सोडतो, कुठूनतरी इंजिनाची शिट्टी वाजते आणि स्वारी लाल फडक्यावर धावून जाते. फडक्यामागे लोहाराची ऐरण. ठण्ण! बैल जागच्या जागी उभा. शिंगापासून शेपटीपर्यंत बारीक तडा सरकत जातो, बैल आपल्याकडे केविलवाणं बघतो आणि कपबशीसारखा खळ्ळकन फुटतो. मग एक शाबूत उरलेला पाय झाडू घेऊन बाकीचा बैल गोळा करायला लागतो.

निदान मी लहानपणी पाहिलं ते असं, आणि त्यावर पोट धरून हसलेय. हल्लीची मुलं मात्र जांभया देत. शेवटी थिएटरचे मालक मामांना म्हणाले, "येत्या रविवारी हसली तर ठीक, नाहीतर बैलाला घरी पाठवू."

"आणि मला?"

"तुम्ही बैलाबरोबरच की!"

मामांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा चेहरा पडला तो मामींचा. "अहो, म्हणजे रविवारीसुद्धा घरातच?" आठवडाभर मामा डब्यांची झाकणं तपासतात, पंखा कोणी लावला आणि कोणी बंद केला याची चौकशी करतात, मामी फोनवर बोलत असल्या की मधेच दुरुस्त्या सुचवतात. मामींना मोकळी मिळते ती तेवढी एक सकाळ. आमची भिंत एकच, त्यामुळे मलाही. खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी मामींनी मला चहाला बोलावलं. दुःख हलकं करायला त्या आपला हुकमी किस्सा सांगायला लागल्या. "माझ्या आत्याची कवळी हरवली. सगळं घर उलटंपालटं केलं. गाद्या झटकल्या, मोरी धुंडाळली. काका आपले तोंड मिटून खुर्चीत बसलेले. शेवटी कशावरून तरी ते हसले..." इथे मामींनी कप तोंडाला लावला.

"आणि कवळी त्यांच्याच तोंडात!" मामा बोलून मोकळे.

मामींनी कप आपटला. "घोट तरी घेऊ द्यायचा होता! सगळी गंमत त्या घोटातच असते. दर वेळी मधला घोट कापता तुम्ही!"

मामा तसेच उठले. दुरुस्तीला घरी आणलेलं कार्टूनचं रीळ काढलं आणि खिडकीशी धरलं. मलाही दाखवलं. ऐरणीवर आपटलेला बैल, आणि लगेच पुढच्या चित्रात त्याचा चुरा. तडा नाही, केविलवाणं बघणं नाही. फिल्म नेमकी तिथेच तुटायची. दर वेळी मामा फाटक्या कडा कापायचे आणि नीटनेटका सांधा घालायचे.

"बैलाचा घोट मीच पिऊन बसलो गं," मामा म्हणाले.

"बायकोला देत नाही, तो बैलाला काय देणार!"

कापलेली चित्रं कधीच केरात गेली होती. मग मामांनी नुसती काळी, कोरी फिल्म शोधून काढली. किती लांब लावायची, याचं माप मामींनी दिलं.

"म्हण, काका हसले. आता घे घोट." मामी चहा पीत होत्या आणि मामा फिल्म ओढत होते.

"अगं, केवढा मोठा घोट!"

"गरम आहे चहा!"

रविवारी मी आणि मामी मधल्या रांगेत, मालक मागे दाराशी. शिट्टी वाजली, बैल धावला, ठण्ण! आणि पडदा काळाठिक्कर. आवाजही बंद. फिल्म तुटली की काय करायचं, हे इथल्या पोरांना पाठ आहे. सगळं थिएटर एका सुरात ओरडलं, "सांधेमामाऽऽ! सांधाऽऽ!" मामींनी माझं मनगट आवळलं. ओरडा अगदी टिपेला पोचला आणि खळ्ळ! पडदा उजळला तर बैल भुईभर पसरलेला आणि तो एकटा पाय झाडू शोधतोय.

क्षणभर कोणालाच कळेना. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी किंचाळली, "आपण ओरडलो म्हणून फुटला!" आणि काय हशा उसळला म्हणता! दोघीतिघी खुर्चीवरून घसरल्या. बैल जोडून होईपर्यंत पोरं थांबली नाहीत.

खेळ सुटल्यावर मालक दाराशी डोळे पुसत उभे. "मामा, हे नवीन कुठून आणलंत?"

"नवीन कसलं? कापलेलं परत दिलं."

"मग दर रविवारी राहू दे."

मामींचा सुटकेचा सुस्कारा मालकांनाही ऐकू गेला. आनंदाच्या भरात त्या त्यांनाच किस्सा सांगायला लागल्या. कवळी हरवली, गाद्या झटकल्या, मोरी धुंडाळली. "शेवटी काका हसले..." म्हणून थांबल्या. हातात कप नव्हता, तरी थांबल्या.

मामांचे ओठ हलले. मी कोपर मारायच्या तयारीत होते. पण मामांनी ओठ दातांखाली धरले आणि छताकडे बघत उभे राहिले.

शेवटी मालकांनाच राहवेना. "अहो, पुढे काय?"