वासिलचा बाप

मैमूनचं मूळ नाव रूझबिह. नदीपलीकडच्या इराणी खेड्यातून तो कूफा या अरबांच्या शहरात आला, इस्लाम स्वीकारला, तेव्हा लोक म्हणाले, आजपासून तू आमचा भाऊ. भाऊ झाला खरा, पण त्यासाठीसुद्धा कुठल्यातरी अरब कुळाच्या वळचणीला जावं लागे. मैमूनला बनू सुहैम मिळाले, म्हणजे बनू सुहैमच्या वहाणा शिवायला मिळाल्या. नवं नावही त्यांनीच दिलं. तेवढं मात्र फुकट.

नमाजाला खांद्याला खांदा. देवापुढे कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. बाहेर येऊन वहाणा पायात चढवल्या, की ज्याला त्याला आपापली जागा बरोबर आठवायची. मैमूनची जागा दोन पावलं मागे.

त्याचंही त्याला काही वाटत नसे. एकच गोष्ट सलायची. कूफ्यात मानाच्या माणसाला कुणी नावाने हाक मारत नसे. थोरल्या मुलाच्या नावाआधी ‘अबू’ लावून, अमक्याचा बाप म्हणून हाक मारायची. कुळात ज्याला त्याचा उंटही जुमानत नसे, तोसुद्धा अबू कुणीतरी होता. मैमूनला मुलगा झाला, वासिल. त्याने आळीभर खजूर वाटले. लोकांनी खाल्ले, बिया थुंकल्या आणि म्हणाले, “मैमून, माझा पट्टा तुटलाय रे.”

कुळाचा म्होरक्या हौशब रोज ओट्यावर बसून वंशावळ घोकायचा. फलाण्याचा मुलगा बिस्ताना, बिस्तान्याचा मुलगा फलाणा. शेजारी मैमून टाके घालायचा. दहा वर्षांत हौशबची वंशावळ मैमूनला तोंडपाठ झाली. हौशबला मात्र झाली नाही.

मग मोहीम निघाली. झेंडा आपण धरणार, असं शेजारचं कूळ म्हणू लागलं. पंच बसले. जो म्होरक्या मूळ पुरुषापर्यंत न अडखळता वंशावळ म्हणेल, त्याच्या कुळाचा झेंडा पुढे. हौशब पंधराव्या पूर्वजापर्यंत तोऱ्यात गेला आणि थांबला. नुसतीच दाढी कुरवाळू लागला. मागे बसलेला मैमून पाण्याची वाटी द्यायला वाकला आणि कानात नाव सांगितलं. झेंडा मिळाला.

“उद्यापासून तू अबू वासिल,” घरी जाताना हौशब म्हणाला. “माझा शब्द आहे. अरबाचा शब्द.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात हौशबची हाक आली, “मैमून, माझी वहाण झाली का?”

कामापुरता मामा, दुसरं काय. मैमून चरफडला आणि वहाण देऊन मोकळा झाला. पण गोष्ट मनातून जाईना.

दोन वर्षांनी पुन्हा मोहीम, पुन्हा तेच पंच. हौशबने तेवढ्यात पाठांतर केलं असेल, असं कुणाला वाटत असेल तर तो हौशबला ओळखत नाही. त्याने फक्त मैमूनला मागे बसवलं होतं. पंधराव्या पूर्वजाशी गाडं अडलं, तसा तो मान न वळवता पुटपुटला, “मैमून, पाणी.”

मैमूनने पाणी दिलं. नुसतं पाणी.

“अरे, नाव सांग,” हौशब दातओठ खात म्हणाला.

“मैमून वहाणा शिवतो, धनी,” मैमून हळूच म्हणाला. “वंशावळ अबू वासिलला येते. त्याला हाक मारा की. इथे सगळ्यांना ऐकू जाईल अशी.”

हौशबचा चेहरा लाल झाला. त्याने पंचांकडे पाहिलं, शेजारच्या कुळाकडे पाहिलं. दोनच शब्द होते. तोंड एकदा उघडलंही. मैमूनने हातातली वाटी खाली ठेवली.

हौशबने तोंड मिटलं. “झेंडा त्यांना द्या,” तो म्हणाला आणि उठला.

सुंभ जळेल, पण पीळ? छे. बनू सुहैम त्या मोहिमेवर दुसऱ्यांच्या उंटांची धूळ खात गेले आणि मोठ्या दिमाखात गेले.

मैमून घरी आला, तो उंबऱ्यातच बसून राहिला. एवढं मोठं कूळ हरलं आणि याला रडू आवरेना. आत बायको भाकऱ्या थापत होती.

“वासिलचे बाबा,” तिने रोजच्यासारखी हाक मारली, “हात धुवा, गार होतंय.”

अकरा वर्षं ती हीच हाक मारत होती. मैमूनने ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.