एका दमात किती

इंजेक्शन दिल्यावर वीस मिनिटांनी माझ्या बायकोची, कमलची, डावी पापणी वर गेली. दोन महिने ती अर्धी मिटलेली होती. आम्ही दोघंही हसलो. मी डॉक्टरांना म्हणालो, "बरी झाली की ही."

डॉक्टरही हसले, पण थोडंसंच. "गायकवाड, औषधानं पापणी उघडली, म्हणजेच हा आजार आहे. उघडली नसती तर मी दुसरं काही शोधलं असतं. हा परिणाम दोन-तीन तास राहील."

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. मी ते कागदावर दोनदा लिहून घेतलं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: नस स्नायूला हुकूम देते, पण शरीरानंच तयार केलेली अँटीबॉडी नावाची द्रव्यं तो हुकूम वाटेत अडवतात. त्यामुळे स्नायू लवकर थकतो. सकाळी माणूस बरा दिसतो, दुपारनंतर ढासळतो. आधी पापणी, मग चावणं, गिळणं, आवाज. सगळ्यात जपायचा तो श्वास.

हे १९९८ साल. कमल एक्केचाळीस वर्षांची, भिवंडीत नगरपालिकेच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर शिक्षिका. पहिल्यांदा तिच्या वर्गातल्या मुलांनाच कळलं होतं. एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, तुम्ही दुपारी नाकातून का बोलता?" आम्ही सर्दी समजून सहा आठवडे घालवले. ज्यांच्या घरी असं काही दिसेल त्यांनी एवढे दिवस घालवू नयेत, म्हणून हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. राहनाळला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात मी मालाची आवक-जावक लिहीत असे.

पायरिडोस्टिग्मिन नावाच्या गोळ्या सुरू झाल्या, दर चार तासांनी एक. डॉक्टरांनी आणखी एक काम दिलं. रोज सकाळ-संध्याकाळ कमलनं मोठा श्वास घ्यायचा आणि एका दमात, सावकाश, एकपासून आकडे मोजायचे. वीसच्या खाली आली की वाट न पाहता यायचं.

हे काम माझ्या स्वभावाला धरून होतं. मी एक वही आखली. तारीख, वेळ, गोळी, पापणी, आकडा असे रकाने केले. पहिल्या आठवड्यात चौतीस, एकोणतीस, तेहेतीस असे आकडे आले.

मुंबईच्या त्या रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे इंग्रजीत एक पत्ता लिहून दिला. म्हणाल्या, "इंटरनेटवर या आजाराच्या लोकांचा एक ग्रुप आहे. एकानं पत्र टाकलं की सगळ्यांना पोचतं. औषध मात्र आम्हाला विचारूनच घ्यायचं."

आमच्या गोदामात तेव्हा नुकतंच इंटरनेट आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास वापरायला शेठनी परवानगी दिली. फोनची लाइन लागायलाच त्यातली दहा मिनिटं जात. शेठ येता-जाता चिडवायचे, "गायकवाड, आज अमेरिका का क्या भाव है?"

पहिलं पत्र मी ऑफिसला लिहावं तसं लिहिलं. रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट. खाली वहीतला तक्ता. दुसऱ्या दिवशी कॅनडातल्या डोरीन नावाच्या बाईंचं उत्तर आलं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, आजार अकरा वर्षांचा. त्यांनी लिहिलं होतं, "इथे रिस्पेक्टेड कोणी नाही. आम्ही सगळे अर्धे मिटलेले डोळे घेऊन टाइप करतो. कमल कशी आहे?"

मी उत्तर पाठवलं: सकाळी ३४, संध्याकाळी २९.

घरी मी हे वाचून दाखवलं तेव्हा कमल म्हणाली, "त्यांनी मी कशी आहे ते विचारलं ना? मग आकडे काय पाठवलेत?"

ग्रुपचा पहिला उपयोग आठवड्याभरातच झाला. कमलची मावशी अकलोलीची. ती येऊन हट्टच धरून बसली. "तीन दिस कुंडात बस, पापनी आपसूक उघडंल. न्हाय म्हनू नको." गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर मावशीचा फार विश्वास. मला वाटलं, पाण्यानं काय होणार आहे? तरी ग्रुपवर विचारलं. चार जणांनी नको म्हणून कळवलं, कारण उष्णतेनं हे स्नायू आणखी गळतात. डोरीनबाई स्वतः एकदा गरम पाण्याच्या टबात बसल्या आणि दीड तास उठताच येईना. शेवटी पाणी गार झाल्यावर उठल्या. डॉक्टरांनाही विचारलं, त्यांनीही नको सांगितलं. कमलला त्या टबातल्या बाईंचं इतकं हसू आलं की ठसका लागला. मावशी मात्र महिनाभर रुसली होती.

जानेवारीत कमलनं शाळेतून रजा घेतली. आमची मुलगी अस्मिता बारावीला होती, परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीला. घरात सगळं तिच्या अभ्यासाच्या धोरणानं चाललेलं. आकडे छान येत होते. एकतीस, तेहेतीस, बत्तीस. मी रोज कमलसमोर वही घेऊन बसायचो, ती मोजायची, मी लिहायचो आणि निश्चिंत कामावर जायचो. तेच आकडे दुपारी ग्रुपवर पाठवायचो.

परीक्षेचे दोन पेपर राहिले असताना डोरीनबाईंचं पत्र आलं. ग्रुपवर नाही, एकट्या मला.

"तुझे आकडे फार नीटनेटके आहेत. तीन आठवड्यांत एकदाही तीसच्या खाली नाही. माझे इतके सुरेख कधीच नव्हते. रागावू नकोस, पण ती किती भरभर मोजते? मी माझ्या नवऱ्याला फसवायचे. भराभरा मोजून मोठा आकडा गाठायचा, म्हणजे तो शांतपणे कामावर जायचा. तो वारेपर्यंत मी त्याला हे सांगितलं नाही. ते मला अजून डाचतं."

मी वहीच्या पहिल्या पानावर पाहिलं. डॉक्टरांचा 'सावकाश' हा शब्द मीच लिहून घेतला होता. वेगाचा रकाना मात्र आखला नव्हता. आणि कमल तर वीस वर्षं पाढे म्हणवून घेणारी बाई.

शेठना सांगून एक वाजताच निघालो. धामणकर नाक्याला रिक्षा अडकली तेव्हा उतरून चालत घरी आलो. शेजारच्या खालिदाभाभी आमच्याच स्वयंपाकघरात होत्या, हातात वाटी. वाटीत काय, असं विचारलं, तर त्यांनी आधी कमलकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भाईसाब, अब छुपाने से क्या फायदा. रोटी तो दस दिन से मैं ही पानी में भिगो के दे रही हूँ. इनसे चबाया नहीं जाता."

मी टेबलावरचं घड्याळ कमलसमोर ठेवलं. म्हणालो, "दर सेकंदाला एकच आकडा."

"आत्ता नको. अस्मिताचे दोन पेपर राहिलेत."

"कमल, मोज."

तिनं श्वास घेतला. आवाज पार नाकात गेलेला. नऊपर्यंत पोचली. दहाला आवाज उमटला नाही. तिनं दोन्ही हातांची बोटं उघडून मला दहा दाखवले.

मी वहीत काही लिहिलं नाही. खालिदाभाभींच्या यजमानांनी नाक्यावरून व्हॅन आणली आणि आम्ही मुंबई गाठली. तिथे डॉक्टर एवढंच म्हणाले, "आज आलात ते बरं केलंत. उद्या कठीण होतं." श्वासाचे स्नायूच दमतात त्याला मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात. तासाभरात तिच्या घशात नळी घालून श्वासाचं यंत्र लावलं.

ती सहा दिवस यंत्रावर होती. एक दिवसाआड पाच वेळा प्लाझ्माफेरेसिस केलं. त्यात रक्त बाहेर काढून त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करतात. त्यासोबत ती अडवणारी द्रव्यं निघून जातात. आम्ही नातेवाईक बाहेर बाकावर असायचो. आत दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं सोडत.

अस्मिताला मी सगळं खरं सांगितलं. ती खालिदाभाभींकडे राहिली आणि तिथूनच दोन्ही पेपरना गेली. आईला तिनं चिठ्ठी पाठवली: "पेपर बरे गेले. तू असं परत केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी गोदामातून ग्रुपला कळवलं होतं. चौथ्या दिवशी पुन्हा जाऊन आलेली पत्रं छापून आणली. सतरा होती. बोलता येत नव्हतं, पण कमलला नीट ऐकू येत होतं. नळी लावली की भीती वाटते, पण ती निघतेच, असं पाच-सहा जणांनी स्वतःच्या अनुभवावरून लिहिलं होतं. मी मराठीत सांगत गेलो. डोरीनबाईंच्या पत्राशी तिनं हात वर केला. पाटी मागितली आणि वाकड्या अक्षरात लिहिलं, "हिचं कोण करतं?"

मी ते विचारलं. उत्तर आलं, "बहीण रविवारी फोन करते. मांजर आहे. बाकी तुम्ही लोक."

पंधराव्या दिवशी कमल घरी आली. मे महिन्यात छातीतली थायमस नावाची गाठीसारखी ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया झाली. या आजारात पुष्कळांना या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, पण हळूहळू. कमलच्या गोळ्या वर्षभरात निम्म्यावर आल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये ती पुन्हा वर्गावर उभी राहिली.

घरी आल्यापासून एक पद्धत पडली. शनिवारी संध्याकाळी कमल मराठीत सांगायची, मी लिहून घ्यायचो आणि सोमवारी गोदामात इंग्रजी करून डोरीनबाईंना पाठवायचो. त्यात शाळा असायची, मावशी असायची, मी केलेल्या भाकऱ्यांचे आकार असायचे. डोरीनबाई मांजराची खबर द्यायच्या. कधी त्यांची तब्येत बिघडली तर कमल तीन-तीन पानं सांगायची, आणि मी इंग्रजी शब्द शोधत बसायचो.

अशाच एका शनिवारी मी पेन उघडून बसलो. कमल म्हणाली, "लिहा. आज मला बरं वाटत नाहीये. दुपारपासून हात उचलत नाहीत. कुणाला सांगितलं नाही."

मी लिहिलं. मग वर पाहिलं. "हे डोरीनबाईंना सांगायचंय?"

"त्यांनाच," ती म्हणाली. "पण तुम्हीही ऐकताय ना."

बावीस वर्षांच्या संसारात ती मला असं पहिल्यांदाच सांगत होती. मी पेन बंद केलं, तिच्या पाठीशी उशी लावली आणि डॉक्टरांना फोन करायला उठलो. त्या आठवड्याचं पत्र तीन वाक्यांचंच गेलं. डोरीनबाईंनी उत्तरात लिहिलं, की कमलचं इतकं चांगलं पत्र त्यांना आजवर आलेलं नाही.