काकडीचोरांची वाट

सरस्वतीचं नाव ज्या कोणी ठेवलं, त्याला पुढचं सगळं दिसलं असणार. जिभेवर सरस्वती नाचते म्हणतात ना, तशी हिच्या जिभेवर ती नाचायचीच, फक्त शिव्या देण्यासाठी. भातसानगरच्या रस्त्यावरून आत वळलं की टेपाची आळी, म्हणजे टेकाडावरची वस्ती, लागते. त्या आळीत शिव्यांच्या बाबतीत सरस्वतीचा हात धरणारं कोणी जन्मलं नाही. आणि त्या शिव्यांचा हंगाम ठरलेला होता. गोकुळाष्टमी ते गौरी-गणपती, म्हणजे काकड्यांचा हंगाम.

तिच्या परसातल्या काकड्यांची गोष्टच वेगळी. बाजारात मिळते ती बोटाएवढी, मेणचट, पाण्यासारखी काकडी नव्हे. ही पावसाळी काकडी, हाताच्या कोपरापर्यंत लांब, पोटाला पांढुरकी, मोडली की समोरच्या घरी वास जाणारी. बी घरचं. दरवर्षी एक काकडी वेलावर पिवळी होऊ द्यायची, तिचं बी राखेत चोळून चुलीवरच्या शिंक्यात टांगायचं. कारवीच्या काठ्यांचा मांडव, शेणखत, पानांची चाळण करणाऱ्या तांबड्या भुंग्यावर पहाटे दव असताना चुलीतली राख. औषधाचा थेंब तिने कधी परसात शिरू दिला नाही. "मी खाते तेच वेल खातो," म्हणायची, "राख आन शेण सोडून." आणि स्वतःच खोखो हसायची.

आता या आळीचा एक रिवाज होता. या दिवसांत दुसऱ्याच्या मांडवावरची काकडी पळवली तर ती चोरी धरत नसत. अट एकच, मालकिणीने शिव्या घातल्या पाहिजेत. शिव्या पडल्या की काकडी गोड लागते, असा पोरांचा पक्का समज. मग पोरं कुठे जाणार? शेजारच्या कमळाकरच्या मांडवावरही काकड्या लोंबायच्या, पण तो धरणावर नोकरीला, स्वभावाने गाय. कुणी हात घातला तर म्हणायचा, "सावकाश रे, वेल तुटंल." अशा काकडीला काय चव? सगळी टोळी सरस्वतीच्या कुंपणाशी. दिवेलागणीच्या जरा आधी मांडव हलायचा, आणि ही घरातून उलथनं घेऊन धावायची.

"आरं मुडद्या महेंद्र्या, तुजा आजा ह्याच कुंपणात धोतर अडकून लोंबत व्हता, तू चड्डी तरी सांभाळ! तुजे हात झडले! मीने, तुला बघितली गो मी, सासरी पन चोऱ्याच करशील! आन तू रे संदेश, तुज्या आयशीला दूध नाय आलं तवा माज्या अंगावर प्यालास, मेल्या, आता काकड्या पितोस?"

बघा, अशा शिव्या. शिवी देताना तिला पोराचं अख्खं घराणं आठवायचं. कोण कुणाचा, कुणाच्या बारशाला पाऊस किती होता, कुणाचा बाप शाळेतून कसा पळाला. पोरं बांधाआड बसून काकडी खायची, ऐकायची, आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा. तिला ते ठाऊक होतं. उलथनं तिने कधी कुणाला लागू दिलं नाही.

मग आळी रिकामी होत गेली. यात कुणाचा दोष नाही. शाळा मोठ्या गावात गेली, पोरं कामाला लागली, वाळूने वाशिंदला फ्लॅट घेतला, कुणी कल्याणला, मीना लग्न होऊन मुरबाडकडे गेली, महेंद्र पुण्याला. सरस्वतीचा नवरा वारला. मुलगा रितेश वाशिंदला कंपनीत लागला आणि तिथलाच झाला. कमळाकर निवृत्त होऊन आळीत राहिला, पण त्याची बायको नातवंडांसाठी कल्याणला. आता आळीत चुलीचा धूर निघतो तो या दोन घरांतूनच.

रितेशने आईला नेलं नाही असं नाही हं. नेलं होतं. तिसऱ्या मजल्यावर. सून कुणाली चांगली पोरगी, सासूला हात लावू द्यायची नाही कशाला. हिने आपली खिडकीत बसून खाली बघावं. एकदा खाली एका पोराने सोसायटीतलं जास्वंदीचं फूल तोडलं. झालं! हिला वाटलं, चला, कोणीतरी भेटला. खिडकीतून तिने त्याचा असा उद्धार केला की संध्याकाळी चार माणसं दारात उभी. रितेशची मान खाली. "आई, इथे असं नाय चालत गो. त्यांना राग येतो." सरस्वती म्हणाली, "मग काय करायचं असतं?" तो म्हणाला, "कायच नाय. बघायचं पन नाय." दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली आणि परत आळीत आली.

आली ती परसातच शिरली. खोटं कशाला बोला, सकाळच्या वेळी ती सुखी असते. पिवळ्या फुलांवर माश्या घोंगावतात, ज्या फुलामागे करंगळीएवढी काकडी बसलीय ते फूल ती बोटाने हळूच वर करून बघते. टेपावर जाऊन टाकळा, कुर्डू असल्या रानभाज्या खुडून आणते, भारंगीची कोवळी पानं आणते. पायाखाली ओलं गवत, वर धुकं, कुणाची मिजास नाही. "बाहेर असले का माजं डोकं थंड ऱ्हातं," असं ती कमळाकरला सांगते. पंचाईत होते ती घरात आल्यावर. हातभर काकडी आणि खाणारं तोंड एक. अर्धी चिरून मीठ-मिरची लावून खायची, उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी मलूल. हळदीच्या पानात काकडीच्या पातोळ्या लावाव्यात तर मोदकपात्रात चारच लावायच्या? हसू येतं आणि मग रडू येतं. कमळाकरला द्यावी तर त्याच्याच मांडवावर त्या सडताहेत.

यंदा अष्टमीच्या आदल्या दिवशी तिने एक खुळेपणा केला. कुंपणाच्या काट्या एका बाजूने काढून टाकल्या. चांगली माणूसभर वाट केली. मांडवाच्या खालच्या अंगाला लोंबणाऱ्या काकड्या तोडल्याच नाहीत, हाताशी येतील अशा ठेवल्या. तिला एकच हवं होतं. कुणीतरी यावं, एक काकडी पळवावी, आणि तिला ओरडू द्यावं. कुणीही. रस्त्याने जाणारा का असेना. वर्षभर तिच्या तोंडात शिवी आली नव्हती. वेलांना बोलून बोलून किती बोलणार?

अष्टमी गेली. कुणी फिरकलं नाही. गणपती तोंडावर आले. काकड्या पिवळ्या पडायला लागल्या. ती दिवेलागणीला ओटीवर बसायची, उलथनं मांडीवर, कान मांडवाकडे.

आणि एका संध्याकाळी मांडव हलला.

अगं बाई! काय उठली म्हणून सांगू! गुडघे दुखतात, मणका धरतो, सगळं विसरली. "कोन रं तो मुडदा! थांब, तुज्या नरड्यात देठ घालते! कुनाचा रं तू, बापाचं नाव सांग!" इतक्या जोरात ओरडली की पलीकडे कमळाकर बॅटरी घेऊन बाहेर आला. मांडवाखाली कुणी नव्हतं. कमळाकरने बॅटरी वर धरली. उंबराच्या फांदीवर लाल तोंडाचं माकड बसलं होतं, मोठं, गलेलठ्ठ. त्याने काकडीचा एक घास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि उरलेली खाली टाकली.

"माकड हाय, वहिनी," कमळाकर म्हणाला.

"दिसतं मला," ती म्हणाली. घरात गेली आणि पदर तोंडात धरून रडली. माकडाला काय कळतं, कोण आपल्याला शिव्या घालतंय? त्याच्या आज्याची कुठली गोष्ट तिला ठाऊक?

हे तिने रितेशला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, कॅमेरा लावून देऊ का? मोबाईलवर दिसतं सगळं." तिने कपाळाला हात लावला. पण रितेश अगदीच दगड नव्हता. वाशिंदच्या स्टेशनवर त्याला संदेश भेटायचा, तोच तो, तिच्या अंगावर प्यालेला. त्याला रितेशने हसत हसत सांगितलं असणार, की आमची आई चोरांची वाट बघत बसलीय.

गौरी गेल्या आणि रविवारी दुपारी मोटारसायकल वाजली. सरस्वती परसातून बघते तो काय, कुंपणाशी उंचापुरा माणूस, मांडवाकडे मान करून. हातातली टोपली तिने खाली ठेवली आणि पदर खोचला. आता हा त्या वाटेने शिरेल, हात वर करील, आणि मग...

"काकू, आत येऊ का?" माणूस म्हणाला.

संदेश होता. इस्त्रीचा शर्ट, पांढरे बूट, जरा पोट सुटलेलं. बरोबर बायको, हर्षाली, हातात पेढ्यांचा डबा. दोघंही वाकून पाया पडली. पाया पडणाऱ्याला काय बोलणार? "या, बसा," सरस्वती म्हणाली. चहा टाकला. गवती चहा, आलं, सगळं परसातलं. हर्षाली म्हणाली, "किती फ्रेश वाटतं ना इकडे." सरस्वतीने बशा पुढे केल्या.

मग संदेशने मोबाईल काढला. "काकू, एक काम होतं. आमच्या टेपाच्या आळीचा ग्रुप हाय. वाळू, मीना, महेंद्र, सगळे हायेत. तुमी एकदा शिव्या द्या ना. पहिल्यासारख्या. व्हिडिओ काढतो. सगळ्यांना लय आवडंल. हर्षालीला पन मी नेहमी सांगतो."

हर्षाली सरसावून बसली. मोबाईल समोर धरला गेला.

सरस्वतीने घसा साफ केला. "मुडद्या," ती म्हणाली. पहिलीतलं पोर धडा वाचतं ना, तसं. पुढे काहीच येईना. समोरचा माणूस बशीतून चहा पितोय, त्याला हात झडोत कसं म्हणावं? ती म्हणाली, "आरं, आदी पळ की."

"पळू?"

"पळ मांडवाकडं. एक तोड. मंग बगू."

संदेश हसत उठला. परसात पाऊस पडून गेलेला. चार पावलं गेला, बूट चिखलात रुतला, तिथेच थांबला आणि बायकोकडे बघून म्हणाला, "अगो, नवीन बूट हायेत." मग कुंपणाशी बूट गवताला पुसत परत आला. "जाऊ दे काकू. आता वय झालं आपलं. तुमी द्याल ती काकडी घेऊन जातो."

आपलं वय झालं म्हणे. तिशी नाही ओलांडली धड! सरस्वतीला राग यायला हवा होता. आला नाही. तिला नुसतंच वाईट वाटलं, त्याच्यासाठीही आणि स्वतःसाठीही. ती मांडवाखाली गेली. देठ पिळून एक एक काकडी काढत गेली. कोवळ्या काढल्या, जून काढल्या, बियाला ठेवलेली तेवढी ठेवली. वाळूला दे, मीना माहेरी आली तर दे, तुमच्या शेजाऱ्यांना दे. पिशवी भरली, दुसरी मागवली. हर्षाली म्हणत राहिली, "अहो काकू, एवढ्या कशाला?" मांडवाच्या काठ्या वर उचलल्या गेल्या, इतकं वजन उतरलं.

"पुढच्या वर्षी नक्की येतो, काकू," संदेश म्हणाला. परत दोघं पाया पडली. मोटारसायकल टेप उतरून गेली, वळणावर दिसेनाशी झाली, आवाज मात्र थोडा वेळ येत राहिला. मग तोही गेला.

सरस्वती रस्त्यात उभी होती. आणि तेव्हा, आता काय उपयोग, तेव्हा तिचं तोंड सुटलं.

"संदेश, तुजं वाटोळं झालं मेल्या! बूट संबाळतोस! तुजा बा अनवानी ह्या चिखलात नाचायचा! मीने, सा-सा महिनं तोंड दावीत नायस, तुज्या नवऱ्याच्या पायाला काटा रुतो! महेंद्र्या, पुन्यात काय सोनं लागलंय रं? वाळू, तुज्या आज्याचं मडं मी धुतलंय, तुला फोन करवत नाय? रितेश, माज्या पोटचा तू, भाड्या, कॅमेरा लावतोस काय मला!" एकेकाचं नाव घेत होती. गळ्याच्या शिरा टरारून आल्या होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं. टेपावर आवाज घुमत होता आणि बांधाआड हसणारं कोणी नव्हतं.

कमळाकर काठी टेकत धावत आला. रिकामा मांडव त्याला दिसला. "काय झालं, वहिनी? चोर आलं व्हतं?"

तिने मान डोलावली.

"किती गेल्या काकड्या?"

"सगळी गेली, भावजी," ती म्हणाली. "सगळी नेली."

काकड्यांना कोणी 'सगळी' म्हणत नाही, 'सगळ्या' म्हणतात; 'सगळी' म्हणतात ती पोरांना. कमळाकरची दोन पोरं आणि बायको कल्याणला होती, त्याला ते कळलं. तो तिच्या शेजारी रस्त्याकडे बघत उभा राहिला.