निकालाआधी शोक नको

माझ्या वडिलांचा फोटो प्रोजेक्टरखाली ठेवला होता.

काच खाली, पाठ वर. प्रोजेक्टरचं चित्र पडद्यावर जरा खाली पडत होतं, म्हणून उंचीला काहीतरी हवं होतं. बाबांच्या फोटोची चौकट जाड सागवानी. बरोबर बसली. मंडळाच्या सचिवांनी ती जुळणी मला स्वतः दाखवली, थोड्या कौतुकानेच. म्हणाले, "खाली रुमाल घातलाय गं, काचेला काही होणार नाही. थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे."

आई माझ्या शेजारी उभी होती. तिच्या पिशवीत पांढऱ्या फुलांचा हार होता. तो कुठे घालायचा, हे ती शोधत होती.

जयपूरच्या सोडाल्यातला आमच्या मराठी मंडळाचा हॉल. संध्याकाळ. त्या दिवशी तिथे दोन कार्यक्रम होते. एक माझ्या वडिलांची शोकसभा. ती तारीख पंधरा दिवस आधी ठरली होती. दुसरा कार्यक्रम चार दिवस आधी ठरला. अध्यक्षांचा मुलगा इंग्लंडमध्ये एका बरोच्या कौन्सिलला उभा होता आणि त्याच दिवशी तिथे मतमोजणी होती. बरो म्हणजे आपल्या महापालिकेसारखंच प्रकरण. कचरा, रस्ते, बागा, वाचनालयं. पण मंडळात गेले दोन महिने सगळे म्हणत होते, "आपला मुलगा इंग्लंडच्या राजकारणात उतरलाय." अध्यक्षांनी सगळ्यांना फोन केले. लोक जमणारच आहेत तर दोन्ही उरकू, म्हणाले.

उरकू. हा त्यांचाच शब्द.

मी विचारलं, "काका, आधी बाबांचं करायचं ना?"

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, समजून घे. निकालाआधी शोक नको. शुभकार्य आहे. निकाल लागू दे, मग शांतपणे करू."

मी समजून घेतलं. मला त्याची सवय होती.

बाबा रेल्वेत सिग्नलचं काम करायचे. अकोला जिल्ह्यातून बदली होऊन जयपूरला आले ते इथेच राहिले. मंडळातले बाकीचे लोक बँकेतले, विम्यातले, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतले. अध्यक्ष तर निवृत्त होईपर्यंत सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी बंगल्यात राहायचे आणि अजूनही बोलताना तो बंगला सोबत घेऊन फिरतात. आम्ही बौद्ध. हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही. मंडळाच्या गणपतीला रोषणाई बाबा करायचे. माइक, स्पीकर, वायरी, सगळं त्यांच्याकडे. पंक्तीत वाढायला उठले की कुणीतरी गोड आवाजात म्हणायचं, "अहो, तुम्ही माइककडे बघा, तुमच्याशिवाय कोण बघणार?" नको असं त्यांना कुणी कधीच म्हटलं नाही. नको न म्हणता नको म्हणायची कला या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घोटली आहे. त्यात त्यांचा हात कुणी धरू शकणार नाही.

आणि मी? मी त्यांची लेखणी होते.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे, जगतपुऱ्यात. लहानपणापासून पुस्तकांत डोकं. मंडळातल्यांची मुलं मराठी अडखळत बोलतात, लिहिणं तर दूरच. मोठ्यांना लिहायचा कंटाळा. त्यामुळे मंडळाचे शोकठराव माझ्याकडे आले. मंडळाची तशी रीतच आहे. सभासद वारला की हॉलमध्ये फोटो ठेवायचा, सगळ्यांनी उभं राहायचं, ठराव वाचायचा, त्याची एक प्रत घरच्यांना द्यायची. अकरा वर्षं मी ते ठराव लिहिले. ज्यांना शेजारी ओळखत नव्हते त्यांना मी मनमिळाऊ केलं. ज्यांनी आयुष्यभर दाराची कडी काढली नाही त्यांना आतिथ्यशील केलं. पहिला ठराव वाचून अध्यक्ष म्हणाले होते, "किती शुद्ध भाषा आहे हिची. वाटतच नाही."

काय वाटत नाही, ते त्यांनी पुढे सांगितलं नाही. मी विचारलं नाही. उलट मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आज मला किळस येते.

बाबा गेले तेव्हा सचिवांचा फोन आला. दोन वाक्यं दुःखाची. तिसरं वाक्य, "ठराव तूच लिहून आण, तुझ्याइतकं चांगलं कोण लिहिणार?" मी माझ्या वडिलांचा शोकठराव स्वतः लिहिला. एक पान. चार दिवस लागले. त्यात मनमिळाऊ हा शब्द नव्हता.

त्याच्या महिनाभर आधी मी अध्यक्षांच्या मुलाचंही काम केलं होतं. त्याचं प्रचारपत्रक मराठीत हवं होतं. तिथे किती मराठी मतदार असतील कोण जाणे, पण त्याच्या वडिलांना ते इथे लोकांना वाटायला हवं होतं. पत्रकात तो लिहीत होता, मी गोरा नाही म्हणून मला घर भाड्याने मिळेना. कामावर माझ्या डब्याच्या वासावरून लोक हसले. माणसाला त्याच्या जन्मावरून जोखणाऱ्यांशी माझी लढाई आहे. मी वाचत गेले. वाक्य न् वाक्य ओळखीचं. मी पान लिहून परत दिलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, "मुद्दाम तुलाच दिलं. हे दुःख तुमच्या लोकांना बरं लिहिता येतं."

मी तेव्हाही गप्प बसले. चहासुद्धा घेतला.

मूळ पत्रकावर तीन चेहरे होते. अध्यक्षांचा मुलगा, एक बसचालक आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई. तिघे एकाच पक्षाचे, एकाच वॉर्डातले. खाली लिहिलं होतं की प्रत्येक मतदाराला तीन मतं आहेत. अध्यक्षांनी हॉलसाठी त्याचा मोठा फलक करून घेतला, तेव्हा बाकीचे दोघे कापून टाकले. "ते दोघं कशाला? आपला मुलगा पुरे." जन्मावरून जोखणाऱ्यांशी लढाई, हे वाक्य मात्र ठेवलं. त्याच्याखाली एकटा मुलगा, सूट घालून हसतोय.

तर त्या संध्याकाळी पडद्यावर इंग्लंडमधला एक हॉल दिसत होता. आपल्याकडे शाळेत खेळायला असतो तसा मोठा. लांब टेबलांवर माणसं मतपत्रिका हाताने मोजत होती. आमच्याकडे तेव्हा सात वाजून गेले होते, तिथे दुपार. कचोऱ्या आल्या, मिठाईचे डबे आले, ते झाकून ठेवले. आई शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिची नजर पडद्याकडे नव्हती. ती प्रोजेक्टरखाली बघत होती.

"त्याईले विचार ना," ती मला म्हणाली, "फोटो उलटा काहून ठेवला?"

"नंतर सरळ करतील, आई."

मी असं म्हणाले. मीच.

मग एक अधिकारी बाई माइकसमोर आली आणि उमेदवारांची नावं आणि मतं वाचू लागली. सचिव फळ्यावर लिहीत होते. पहिला आला बसचालक. दुसरी ती रुमालवाली बाई. तिसरा अध्यक्षांचा मुलगा. त्याच्या खाली बाकीचे. बाई पुढचा कागद हातात घेत होती, तेवढ्यात चित्र थिजलं. नेट गेलं.



"तिसरा?" सचिव फळ्याकडे बघत म्हणाले. "बस ड्रायव्हरच्याही खाली?"

"मतलब, हरला का?" मागून कुणाची तरी सून विचारत होती. "सांगा ना, हरला?"

अध्यक्षांच्या पत्नीने डोळ्यांना पदर लावला. मुलाचा फोन लागत नव्हता. अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा आवाज खरोखर कापत होता, ते मी नाकारत नाही.

"बघितलंत? शेवटी दाखवलीच त्यांनी आपली लायकी. इतका शिकलेला मुलगा. पण रंग बघितला, जन्म बघितला. कसली लोकशाही ही? माणूस माणसाशी असं कसं वागू शकतो?"

लोक माना हलवत होते. कुणी शी म्हणालं, कुणी अरेरे. पन्नास माणसं दुखावून बसली होती. त्यांच्यासमोर फलकावर तेच वाक्य, आणि टेबलावर माझा बाप पालथा. त्यातल्या एकालाही दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या नाहीत. ढोंगी माणसाला निदान आपण ढोंग करतोय हे ठाऊक असतं. इथे तेवढीही अक्कल नव्हती.

मी टेबलापाशी गेले. "काका, आता बाबांचा ठराव वाचायचा ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नात केरसुणी घेऊन आले. "आत्ता? अगं, काही वातावरण आहे का? आज नको. पुढच्या बैठकीत घेऊ." मग एकदम काहीतरी सुचल्यासारखे म्हणाले, "उलट तू एक काम कर. निषेधाचा ठराव लिही. आत्ताच. एका भारतीयाचा जन्मावरून अपमान झाला, असा. सगळे सह्या करू. तुला यातलं कळतं."

निकालाआधी शोक नको, कारण शुभ. निकालानंतर शोक नको, कारण अशुभ.

"नाही," मी म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नसावं. सचिवांनी कागद पुढे केला.

"मी लिहिणार नाही. आणि काका, तुमचा मुलगा हरलेला नाही. त्या वॉर्डात तीन जागा आहेत. पहिले तिघे निवडून येतात. म्हणूनच मूळ पत्रकावर तीन मतं लिहिली होती. तुम्ही कापलेल्या दोन चेहऱ्यांच्याच खाली."

मी गप्प राहू शकले असते. रात्रभर त्यांना रडू देता आलं असतं. पण चुकीची माहिती घेऊन मी कुणालाही घरी जाऊ देत नाही. तो माझ्या धंद्याचा नियम आहे. त्यात त्यांच्यावर उपकार नाही.

दोन मिनिटांत मुलाचा फोन आला. खरं होतं. तिघेही आले होते. बसचालकाच्या आणि त्या बाईच्या नावाने पडलेली मतं यालाही मिळाली होती, असं तो स्वतःच सांगत होता. पण स्पीकरवरचं ते वाक्य टाळ्यांत बुडालं. मिठाईची झाकणं उघडली. आणि अध्यक्ष, तेच अध्यक्ष, तोच आवाज, म्हणाले, "मी सांगत होतो ना, त्या देशात गुणांची कदर आहे! जात नाही, पात नाही. फक्त गुण."

दोन मिनिटं. एका माणसाला पूर्ण उलटं व्हायला तेवढी पुरली.

मग ते माझ्याकडे वळले. तोंडात पेढा. "आता मानपत्र. झकास लिही. आणि हे बघ, बाबांचं आज राहू दे हं. आनंदाच्या वेळी..."

मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. प्रोजेक्टर एका हाताने उचलला आणि दुसऱ्या हाताने फोटो ओढून काढला. पडद्यावरचं इंग्लंड घसरलं आणि पहिल्या रांगेतल्या लोकांच्या पोटांवर पसरलं.

"अगं, अगं, काय करतेस!" सचिव ओरडले.

"माझे वडील घेतेय."

आई तोवर उठून आली होती. तिने काच पदराने पुसली. तिथेच उभ्या उभ्या, मिठाईच्या डब्यांमध्ये, तिने फोटोला हार घातला. कुणी उभं राहिलं नाही. एक-दोघांनी मान खाली घातली. ते पुरेसं नव्हतं. माझ्या पर्समध्ये ठरावाचा कागद होता. मी तो काढला नाही. त्या लोकांपुढे वाचण्याइतका तो स्वस्त नव्हता.

ऑटोत आईने फोटो मांडीवर घेतला. मग म्हणाली, "त्या अध्यक्षानं तुह्या बापाच्या हातचं पानी कधी घेतलं नाही. चहा पन घरून आनायचा थर्मासात. तुह्या बापानं पाह्यलं ना सारं. मी पन पाह्यलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू त्याईच्यात बसून लिवायची. मले वाटे, पोरीले जागा भेटली."

जागा. अकरा वर्षं मी तिला जागा समजत होते. बाबांची जागा माइकजवळ होती, माझी कागदाजवळ. कामापुरती दोघांचीही. त्यांना ती कळत होती आणि ते माझ्यासाठी गप्प राहिले. मला पुस्तकं वाचून ती कळली नाही. शिकलेल्या माणसाच्या मूर्खपणाला तोड नसते.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाची घटना काढून वाचली. छापलेली आहे, पिवळी पडलेली. कुणी उघडलेली दिसत नाही. त्यात लिहिलंय की कार्यकारिणी दर तीन वर्षांनी गुप्त मतदानाने निवडायची. यंदा ती पाळी आहे. माझ्या आठवणीत एकदाही मतदान झालेलं नाही. दर वेळी कुणीतरी म्हणतं, "तेच राहू देत," आणि टाळ्या वाजतात. बाबाही वाजवायचे. माइक त्यांच्याच ताब्यात असायचा.

मी अध्यक्षपदासाठी अर्ज लिहिला. स्वतःच्या नावाने. सूचक म्हणून आईची सही घेतली. तीही सभासद आहे, हे बहुतेकांना नव्याने कळेल.

परवा अध्यक्षांचा फोन आला. आवाजात दुखावलेपण भरपूर. "बेटा, आपल्याकडे निवडणूक नसते गं. आपण एक कुटुंब आहोत. कशाला हा कडवटपणा?"

मी म्हणाले, "काका, अर्ज एकाहून जास्त आले तर मतदान घ्यावं लागतं. घटनेत आहे. नाही घेतलंत तर मी संस्था नोंदणीच्या कार्यालयात जाईन."

मला दहासुद्धा मतं पडणार नाहीत. ते मला ठाऊक आहे. पण त्या हॉलमध्ये टेबल मांडलं जाईल, पेटी येईल, चिठ्ठ्या निघतील. अध्यक्षांना माझं नाव फळ्यावर लिहिलेलं बघावं लागेल आणि त्याच्यापुढची मतं एकेक करून मोजावी लागतील. मोजून होईपर्यंत मी पहिल्या रांगेत बसणार आहे. आणि हरले की पुढच्या वेळी पुन्हा अर्ज भरणार आहे.