ऑक्सिजनजवळ तेल नको

माझे यजमान इंग्लंडात मेडनहेडजवळ गॅसच्या यार्डात कामाला होते. टँकरमधून पातळ ऑक्सिजन यायचा, भयंकर गार. तो व्हेपरायझरमधून सोडायचा. व्हेपरायझर म्हणजे उभे ॲल्युमिनियमचे पाइप, त्यांना पंखांसारखे पातळ पत्रे. बाहेरच्या हवेच्या उबेनंच आतल्या ऑक्सिजनचा गॅस व्हायचा. ऐन जुलैतही पाइपांवर बर्फ चढायचा. एका बाजूवर फार चढला की हे दुसरी बाजू चालू करायचे आणि पहिलीवर पाण्याचा होज धरायचे.

तिथे तेलाला बंदी होती. ऑक्सिजनला तेल लागलं की भडका उडू शकतो. त्यामुळे हे केसांनाही तेल लावून जात नसत. शनिवारी संध्याकाळी मात्र माझ्यापुढे पाट घेऊन बसायचे. मी खोबरेल तेल चोळायचे, आणि रविवारी सकाळी हे शिकेकाईनं सगळं धुऊन टाकत. एरवी आमचं बोलणं बेताचंच. डोकं माझ्या हातात असलं की हे गावाकडच्या गोष्टी काढत, मग मीही बोलायचे.

पुढे यांची छाती बिघडली. हॉस्पिटलात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. खिडकीतून मागचं अंगण दिसायचं. तिथे ऑक्सिजनचा टँक, आणि यार्डातल्यासारखेच पाइप.

"अगं, उजवीकडच्यावर किती बर्फ चढलाय बघ. बदलायला सांग कुणाला तरी."

"अहो, तुम्ही पेशंट आहात इथे."

हे हसले, खोकले. मग म्हणाले, "डोक्याला तेल लाव ना."

"तुम्हीच सांगता ना, भडका उडतो म्हणून?"

"विचारून तर बघ."

मी इंग्लिश बोलायला लाजायचे. दुकानातही नुसतं बोट दाखवायचे. त्या दिवशी सिस्टरपुढे जाऊन उभी राहिले. "प्लीज सिस्टर, हेअर ऑइल?"

तिनं माझा हात धरला. "सॉरी लव्ह, नॉट विथ द ऑक्सिजन."

मास्क काढला की यांचे ओठ निळे पडत. मी कोमट पाण्यात बोटं बुडवून डोकं चोळलं.

"कोरडंच लागतंय," हे म्हणाले. "बरा झालो की भरपूर लाव."

"बाटली पालथी करते."

हे बरे झाले नाहीत.

फ्युनरलवाल्यांकडे नेल्यावर मी तिथल्या माणसाला तेच विचारलं. "ऑफ कोर्स. टेक युवर टाइम," म्हणाला आणि दार ओढून बाहेर गेला. मी ओंजळभर तेल घेतलं. सावकाश चोळत राहिले. गावाकडच्या गोष्टी मीच सांगितल्या. पण डोकं गार होतं, तेल मुरेना. वरच राहिलं. कपाळावर ओघळ आला, तो पदरानं पुसला.