वरवंट्यावरचा पाट

दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकून उभं राहणं हा आमच्या आतोबांच्या मते आळसाचा कळस होता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गार्डन रीचला रेल्वेच्या हपिसात होते, तिथेच क्वार्टरमध्ये राहायचे. माणूस देवमाणूस, पण सरळ उभा राहील तर शपथ! दात घासताना डाव्या पायावर, आरतीला उजव्या. "देवापुढे तरी नीट उभे राहा हो!" म्हणून आत्या ओरडली, की शांतपणे विचारत, "बगळा कधी पडलेला पाहिलायस?" ट्राममध्ये जागा असली तरी हे उभेच, दांडी न धरता आणि वर डोळे मिटून. कंडक्टर बिचारा जीव तोडून ओरडायचा, "दादा, धोरून, धोरून!" म्हणजे बंगालीत धरा हो, धरा. एकदा ट्रामने असा हिसका दिला, की आतोबा थेट एका बाईंच्या मासळीच्या पिशवीवर जाऊन बसले. उठून मला म्हणतात कसे, "घोटा हुशार आहे गं, ट्रामच मूर्ख निघाली." स्वतः त्यांनी जन्मात साधं गटार उडी मारून ओलांडलं नव्हतं, वळसा घालून जायचे. पण उडीचं शास्त्र विचारा! "उडी मांडीत नसते, घोट्यात असते," हे वाक्य ते पाहुण्यांना चहाबरोबर वाढत.

अशा माणसाच्या तावडीत माझी धाकटी बहीण नलू सापडली. नलू कॉलेजात उंच उडी मारायची. आदल्या वर्षी उडी घेतानाच तिचा डावा पाय मुरगळला. पाय बरा झाला, डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली, पण धावत येऊन पोरगी आडव्या काठीपुढे गच्चकन थांबायची. कॉलेजचं शेवटचं वर्ष, संघाची निवड तोंडावर, आणि ही जेवताजेवता रडायला लागायची. मला तर तिच्याकडे बघवत नसे.

आतोबांनी तिचा घोटा दाबून पाहिला. म्हणाले, "पाय बरा आहे, फक्त बावचळलाय. डोळे मिटून जेवलीस तर घास तोंडातच जातो ना? की नाकात? हाताला तोंड कळतं, तशी पायाला जमीन कळायला हवी." एवढं बोलून ते स्वयंपाकघरात गेले. आत्याने सांगलीहून आगगाडीतून मांडीवर सांभाळत आणलेला वरवंटा त्यांनी फरशीवर आडवा टाकला, वर जेवणाचा पाट ठेवला आणि म्हणाले, "चढ!"

"अहो, तो चटणी वाटायला आहे, पोर वाटायला नाही!" आत्या किंचाळली.

नलू धाडकन पडली. पुन्हा चढली. हिवाळाभर आम्ही बालीगंजच्या आमच्या घरून दर रविवारी गार्डन रीचला जात होतो. आधी भिंत धरून, मग न धरता, मग डोळे मिटून, मटार सोलता सोलता ती त्या डुगडुगत्या पाटावर उभी राहायला शिकली. पुढे त्यावरून एका पायावर खाली उडी मारून न डगमगता थांबू लागली. आत्या कुरकुरत खलबत्त्यात चटणी कुटायची, पण मटार मुद्दाम ढीगभर आणून ठेवायची.

निवडीच्या दिवशी आतोबा मैदानाच्या कडेला माझ्याशेजारी उभे होते, अर्थातच एका पायावर. नलू धावत आली आणि थांबली. दुसऱ्यांदाही थांबली. आता एकच संधी उरली होती. आतोबांनी डोळे गच्च मिटून घेतले. "मला नाही बघवत. तू सांग." तिकडे नलूनेही डोळे मिटले, उजवा पाय उचलला आणि डाव्यावर निश्चल उभी राहिली. मुली खुदुखुदु हसल्या. तिने डोळे उघडले, धावली, आणि अहाहा! काठी जागची हलली नाही.

"गेली का गं?"

"गेली, आतोबा! वरून गेली!"

आणि ट्रामबाहेर जन्मात न पडलेला आमचा बगळा माझ्या अंगावर कोसळला. परतताना ट्राममध्ये कंडक्टर काही म्हणायच्या आतच त्यांनी दांडी घट्ट धरली. "आज पाय ऐकत नाहीत," म्हणाले. डोळे भरून आले होते, पण ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

निवृत्तीनंतर दोघं सांगलीला गेली. निघताना आत्याने वरवंटा नलूच्या हातात दिला आणि म्हणाली, "घे, याला आता चटणीची सवय राहिली नाही." आतोबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नलू शाळेत खेळ शिकवते आणि मुलींना त्याच वरवंट्यावर पाट ठेवून उभं करते. आणि मी, ट्राम रिकामी असली की हळूच दांडी सोडते, डोळे मिटते. पायांना जमीन कळते, खरंच कळते. तेवढ्यात कंडक्टर ओरडतो, "दीदी, धोरून!" मग मात्र दांडी नको, आतोबांचाच हात धरावासा वाटतो.